‘वयोमानाने होतंच’ सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा : ‘घरातल्या ज्येष्ठांना ऊठसूट कॅज्युअल्टीत नेऊ नका. बीपी, नाडी, ऑक्सिजन नॉर्मल आहे, ताप नाही, छातीत दुखत नाही, तर घाबरायचं कारण नाही. जरा असंबद्ध बोलणं, गप्प बसणं, घरात पडणं वयोमानाने होतंच. तिथे वय बघून रिस्क लावतात, नको ते प्रश्न विचारत बसतात आणि बिल फुगवतात.’ खाली नेहमीप्रमाणे ‘एका अनुभवी डॉक्टरांकडून’.

मीही डॉक्टर आहे, कॅज्युअल्टीत ड्यूटी करतो. बिलाच्या तक्रारीशी मी निम्मा सहमत आहे. बाकीचं एकेक करून बघू.

बीपी नॉर्मल आहे. पण कुणाचं नॉर्मल? ज्या आजोबांचं वरचं बीपी वर्षानुवर्षं १५०-१६० च्या घरात आहे, त्यांचं ११० भरलं की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. त्यांच्या शरीराच्या हिशेबाने मात्र ते धाडकन खाली आलेलं असतं. अमेरिकेत अपघातग्रस्तांसाठी २०११ साली जी मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यांत ६५ वर्षांपुढच्या माणसाचं वरचं बीपी ११० च्या खाली असेल तर शॉकची, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडत असल्याची, शंका घ्या, असं स्पष्ट सांगितलं आहे. तरुणाला आपण ९० पर्यंत सूट देतो. नाडीचंही तेच. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू असेल तर पोटात रक्तस्राव होत असतानाही नाडी ७०-८० वर रेंगाळू शकते; तिला पळू न देणं हेच तर त्या गोळीचं काम. आणि ऑक्सिमीटर ९६ दाखवत असला तरी श्वास धोक्याच्या वेगाने, मिनिटाला २८ वेळा, चालला असू शकतो. छातीकडे बघत मिनिटभर श्वास मोजा, असं सांगणारा मेसेज मी अजून पाहिलेला नाही.

ताप नाही, हा मुद्दा लवकर उरकतो. म्हातारपणी गंभीर जंतुसंसर्गातही पाचातल्या एकाला तरी ताप येत नाही किंवा जेमतेम येतो. रोजच्या तापमानापेक्षा २ अंश फॅरनहाइटची वाढ ही त्यांच्यासाठी तापच, मग थर्मामीटर ९९ दाखवो.

छातीत दुखत नाही, म्हणून हार्ट अटॅक नाही? २००० साली अमेरिकेतल्या चार लाखांहून जास्त हार्ट अटॅकच्या रुग्णांची नोंद तपासली गेली. त्यातल्या सुमारे ३३ टक्के रुग्णांना रुग्णालयात आल्यावर छातीत दुखतच नव्हतं. या गटाचं सरासरी वय ७४, दुखणाऱ्यांचं ६७. रुग्णालयातच दगावण्याचं प्रमाण न दुखणाऱ्यांत २३ टक्के, दुखणाऱ्यांत ९. दुखत नाही म्हणून ते उशिरा आले, आणि आल्यावर त्यांना उपचारही कमी मिळाले. धाप, दरदरून घाम, उलट्या, अचानक आलेला अशक्तपणा, एवढ्यावरही ईसीजी काढायचा असतो तो यासाठी.

आता ‘गप्प बसणं वयोमानाने होतंच’. हे वाक्य सगळ्यांत महागात पडतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

विसरभोळेपणा महिन्या-वर्षांत वाढतो. काल बरा असलेला माणूस आज भलतंच बोलू लागला किंवा एकदम गप्प झाला, तर तो डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला मानसिक गोंधळ, असू शकतो. त्याचं मूळ मेंदूबाहेरही असू शकतं. न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, उतरलेली शुगर, घसरलेलं सोडियम, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी. कॅज्युअल्टीत येणाऱ्या वयस्करांपैकी साधारण दहातल्या एकाला तो असतो आणि आम्हा डॉक्टरांच्याही नजरेतून बऱ्याचदा निसटतो. कारण आरडाओरडा करणारा, सलाईन उपटणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. डोळे मिटून मुकाट पडलेल्या आजींना ‘शांत आहेत’ म्हणून कोपऱ्यातली ट्रॉली मिळते.

अशाच एका आजी. वय ७८, बीपी-नाडी ठीक, ताप नाही. मुलगा म्हणाला, दमल्यात. सून म्हणाली, ‘आईंना चारचा चहा पाच मिनिटं उशिरा झालेला चालत नाही. काल त्यांनी चहा मागितलाच नाही.’ त्या दिवशी आमच्या कुठल्याही यंत्रापेक्षा हे वाक्य जास्त कामाचं होतं. सोडियम ११२ निघालं, फारच खाली. तीन आठवड्यांपूर्वी बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली होती.

डिलिरियम ओळखायला एडिनबरोत तयार झालेली ४एटी नावाची दोन मिनिटांची चाचणी आहे. जाग कितपत आहे, वय-जन्मतारीख-ठिकाण-चालू साल सांगता येतं का, महिने उलटे म्हणता येतात का, आणि हा बदल अचानक झाला का. आपल्याकडे ती जशीच्या तशी वापरली की गंमत होते. जन्मतारीख निम्म्या आजोबांची १ जून, गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली. आजींना तर तीही नसते. डिसेंबर-नोव्हेंबर न जमणाऱ्या बाई फाल्गुन, माघ, पौष बिनचूक म्हणतात. मी वार उलटे विचारतो. चौथा प्रश्न मात्र घरच्यांनाच विचारायचा असतो, आणि एकट्या त्याला ४ गुण आहेत. एकूण ४ झाले की डिलिरियमची शंका घ्यायची.

तेच ते ‘नको ते प्रश्न’. आंघोळ स्वतः करतात का? बाजारात एकटे जातात का? वय बघून रिस्क लावतात हा आरोप इथे उलटा पडतो. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या डलहौजी विद्यापीठात केनेथ रॉकवूड यांनी २००५ मध्ये जी दुर्बलतेची मोजपट्टी मांडली, तिच्यात वयाला गुणच नाहीत. आता तिच्या ९ पायऱ्या आहेत; साधारणपणे पायरी वरची तितकी दुर्बलता जास्त. स्वतःची भाजी स्वतः आणणारे ८२ वर्षांचे काका तिसऱ्या पायरीवर बसू शकतात, आंघोळीला आधार लागणाऱ्या ६७ वर्षांच्या काकू सहाव्या. आणि मोजायचं ते आजचं चित्र नाही, दोन आठवड्यांपूर्वीचं. आज तर प्रत्येक जण ट्रॉलीवर आडवाच असतो. कबूल करतो, असल्या मोजपट्ट्या भविष्य सांगत नाहीत. माँट्रियलची सहा प्रश्नांची ‘आयसार’ चाचणीही कोण पुन्हा दवाखान्यात येईल हे सांगण्यात फारशी अचूक ठरलेली नाही. पण कुठे जास्त खोदायचं, एवढं त्या दाखवतात.

घरात पडणं. उतारवयात मेंदू आक्रसतो, कवटीशी त्याला जोडणाऱ्या शिरा ताणल्या जातात, आणि बाथरूममधल्या साध्या धक्क्याने त्यातली एखादी झिरपू लागते. लक्षणं कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी येतात. तरी प्रत्येक टेंगळाला सीटी स्कॅन लागतो असं नाही. डोक्याच्या माराबद्दलच्या २००१ च्या कॅनडियन नियमात ६५ च्या पुढचं वय हाही धोक्याचा एक निकष आहे, पण तो शुद्ध हरपली, काही आठवत नाही किंवा गोंधळ झाला असेल तर लागू होतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तो नियम वापरायचाच नसतो, सीटी लवकर करावा लागतो. आणि ‘घसरले’ म्हणून विषय मिटवायच्या आधी, घसरले की चक्कर येऊन पडले, हे विचारायला हवं.

राहिलं बिल. लघवीत नुसते जंतू दिसले, त्रास काहीच नाही, तरी अँटिबायोटिक चालू होतात. गरज नसताना लघवीची नळी घातली जाते. प्रकाशात, गोंगाटात रात्रभर ट्रॉलीवर ठेवल्याने बरा माणूसही भ्रमिष्ट होतो. हे आमच्याकडे घडतं, नाकारत नाही. ‘ही तपासणी कशासाठी’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं संरक्षण मिळालं आहे, पण ते भरती झाल्यावरच्या उपचारांना. कार्ड आधी काढून ठेवा.

येताना गोळ्यांची अख्खी पिशवी आणा, चष्मा आणि कानाचं यंत्रही. ऐकू न आल्यामुळे ‘गोंधळलेले’ ठरलेले आजोबा मी पाहिलेत. आणि रोज त्यांच्यासोबत असणारं माणूस आणा. बऱ्याचदा मुलगा परगावाहून फोनवर सगळं सांगत असतो, आणि आठ महिने त्यांना आंघोळ घालणाऱ्या मावशींना वॉचमनने गेटबाहेर बसवलेलं असतं. त्यांना आत घेऊन या.