पोटाला मिळतंय हो, पाठ टेकायला जागा नाही

चर्चनं रविवारी जेवणाची पाकिटं वाटली की बेघर माणसाची निम्मी अडचण मिटते असं एका लेखात वाचलं, ते कोल्हापुरात तरी मला पटत नाही. अंबाबाईच्या देवळाजवळ अन्नछत्र आहे, स्टँडवर कुणी ना कुणी वडापाव हातात ठेवतंच. मी दोन वर्षं आमच्या भागातल्या चर्चच्या लोकांबरोबर बेघरांना जेवण द्यायला जातोय (मी ख्रिस्ती नाही, शेजारच्या मावशींनी हाक मारली म्हणून गेलो) आणि जुलैत लोक मागतात काय तर कोरडी जागा, कारण आज दिलेली चादर उद्या चिंब भिजलेली असते. एक आजोबा पाकीट बाजूला ठेवून म्हणाले, 'बाळ, आधी बस की जरा,' आणि अर्धा तास शेताचं, बैलांचं बोलत राहिले, जेवण गार झालं तरी.

निवाऱ्याचा तर त्या लेखात विषयच नाही. शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठीच्या सरकारी योजनेतच दर १ लाख लोकसंख्येमागे निदान १०० जणांची कायमची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा असं लिहिलं होतं, २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेपाच लाखांच्या घरात होतं, मग साडेपाचशे जणांची जागा हवी ना? गेल्या पावसाळ्यात आमच्याकडं चर्चच्या हॉलमध्येच सतरंज्या टाकून आठ जणांना झोपवलं, बाथरूम एकच, शेजाऱ्यांनी कुरकुर केली, पण पाद्रीसाहेब लई ठाम राहिले. यंदा अजून दोन चर्चनी हॉल उघडावेत म्हणून आम्ही बोलणी करतोय.