प्रतिक्रियेला उत्तर: माजघरातला काळोख आणि पडवीतला उजेड

सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी पोशाखाचे फोटो काढताना खिडकीपाशी, पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहावे, हा माझा सल्ला मुंबई-पुण्याच्या फ्लॅटपुरताच आहे, असा आपला आक्षेप आहे. चिऱ्याच्या, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि चार महिने पाऊस असलेल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत रिंग लाइटशिवाय, म्हणजे फोनभोवती लावायच्या गोल दिव्याशिवाय पर्याय नाही, असेही आपण लिहिले आहे. माजघर काळोखे असते, हे आपले म्हणणे अगदी खरे आहे; रिंग लाइटचा निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

पावसापासून भिंती वाचाव्यात म्हणून आपल्याकडे छपराची वळचण बरीच खाली आणलेली असते, त्यामुळे बाहेरचा उजेड पडवीतच अडतो. तेव्हा माजघर उजळत बसण्यापेक्षा आपणच पडवीत यावे. पडवी अरुंद असली तरी लांब असते. म्हणून फोन तिच्या एका टोकाला ठेवावा आणि आपण त्यापासून तीनेक मीटरवर उभे राहावे. असे केले की खळ्याकडचा, म्हणजे पुढच्या अंगणाकडचा उजेड एका बाजूने येतो आणि साडीची प्रत्येक निरी वेगळी उठून दिसते, कारण एका निरीची हलकी सावली दुसरीवर पडते. रिंग लाइटचा प्रकाश लेन्सभोवतून थेट समोर येत असल्यामुळे नेमकी हीच सावली पुसली जाते, निऱ्या सपाट दिसतात आणि जरीचा काठ पांढरा चमकून त्यावरची वीण हरवते. आषाढातल्या ढगाळ सकाळचा मऊ उजेड तर मला एप्रिलच्या उन्हापेक्षा कितीतरी अधिक आवडतो.

चिऱ्याची अडचण खरी आहे. उघड्या तांबड्या भिंतीलगत पांढरे सुती कापड त्या बाजूने गुलाबीसर दिसू लागते. त्यासाठी भिंतीच्या अंगाला, फोटोच्या चौकटीबाहेर, धुतलेली पांढरी चादर दोरीवर टाकावी. तांबडी छटा अडते आणि सावलीच्या बाजूला थोडा उजेडही परततो.

फोन कमरेच्या उंचीवर, सरळ उभा ठेवावा. तो डोळ्यांच्या उंचीवर आणि जवळ असला की डोके मोठे व पाय आखूड येतात. मागचा कॅमेरा आणि 10 सेकंदांचा टायमर वापरावा. खाऱ्या दमट हवेने लेन्सवर धुरकट थर बसतो, तो आधी मऊ सुती कापडाने पुसावा. ही गोष्ट किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी विशेष जपायला हवी.

रात्रीच्या कार्यक्रमाआधी फोटो हवा असेल, तर रिंग लाइट जरूर लावावा, पण तोही समोर न ठेवता बाजूला ठेवावा आणि खोलीतला पिवळा बल्ब बंद करावा, नाहीतर एकाच कापडावर दोन रंग दिसतात.

आपल्या घरची पुढची पडवी पत्रे लावून बंद केली असेल, तर मागीलदार पाहावे. ते उत्तरेकडे उघडत असेल, तर दिवसभर जवळजवळ सारखा उजेड मिळेल.