नळीचे झाकण कोणत्या रंगाचे होते?

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे : ‘व्हीईजीएफ या वाढघटक प्रथिनाची एलायझा चाचणी करून घ्या. आकडा वाढलेला असेल तर शरीरात कर्करोग दडलेला आहे. प्रतिपिंडे चुकत नाहीत, त्यामुळे कोणत्याही लॅबमध्ये केली तरी आकडा तोच येतो.’ एलायझा म्हणजे प्रतिपिंडांच्या, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रथिनांच्या, साहाय्याने रक्तातले प्रथिन मोजणारी चाचणी. परळच्या एका प्रयोगशाळेत मी हीच चाचणी करतो, म्हणून हे उत्तर.

आकडा सगळीकडे तोच येतो, हा दावा सर्वांत आधी तपासायला हवा, कारण बाकीचे त्यावरच उभे आहेत. एकाच दंडातून, एकाच सुईने लाल झाकणाच्या साध्या नळीत आणि रक्त गोठू न देणाऱ्या जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत रक्त घेतले, तरी पहिल्या नळीतील आकडा कित्येक पट मोठा येऊ शकतो. साध्या नळीत रक्त गोठताना प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) आपल्या पोटातले व्हीईजीएफ बाहेर सोडतात; ते शरीरात फिरत नव्हते, नळीत आले. बोरिवलीत घरून घेतलेला नमुना परळला पोहोचून सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून रक्तातला द्रव वेगळा करणाऱ्या यंत्रात) जाईपर्यंत किती वेळ गेला, यानेही फरक पडतो. त्यात प्रत्येक किटची प्रतिपिंडे वेगळी, आणि रक्तातल्या ग्राही प्रथिनाला चिकटलेले व्हीईजीएफ काहींना दिसते, काहींना नाही.

प्रतिपिंडे चुकत नाहीत, असेही नाही. ९६ खळग्यांच्या प्लेटवर एक प्रतिपिंड व्हीईजीएफ पकडते, दुसरे वरून बसते आणि त्याला जोडलेल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) द्रव निळा होतो. आम्ल टाकताच तो पिवळा पडतो आणि ४५० नॅनोमीटरला वाचला जातो. मात्र काहींच्या रक्तातली स्वतःची प्रतिपिंडे या दोघांमध्ये पूल बांधतात आणि प्रथिन नसतानाही खळगा पिवळा होतो. उलट, काही किटमध्ये केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे आकडा खोटाच कमी येतो. म्हणूनच आम्ही प्रत्येक नमुना दोन खळग्यांत लावतो आणि शंका आली की विरल (पातळ) करून पुन्हा मोजतो; विरलनाच्या प्रमाणात आकडा उतरला नाही, तर तो अहवालात जात नाही.

राहिला कर्करोग. व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या वाढवते. ते जखम भरताना वाढते, संधिवातात वाढते, प्राणवायू कमी पडला की वाढते. आणि कर्करोग असूनही आकडा सामान्य असू शकतो. पोएम्स या दुर्मीळ विकाराच्या निदानात ही चाचणी खरोखर उपयोगी पडते, पण तेथेही इतर लक्षणांच्या जोडीनेच.

मागच्या महिन्यात लालबागच्या एक काकू असाच अहवाल घेऊन आल्या. रात्र रात्र झोप नव्हती. अहवालात आकडा ठळक अक्षरांत होता, पण नमुना सीरमचा (लाल नळीत रक्त गोठल्यावर उरलेला द्रव) की प्लाझ्माचा (जांभळ्या नळीतल्या न गोठलेल्या रक्तातला द्रव) हे लिहिलेले नव्हते. त्यांना फक्त लाल झाकण आठवत होते. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही जांभळ्या नळीत पुन्हा रक्त घेतले आणि लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले. आकडा प्लाझ्माच्या नेहमीच्या मर्यादेत आला.