डाळिंब खा म्हणे!

दवाखान्याच्या भिंतीवर 'सकस आहारा'चा तक्ता: डाळिंब, दूध, बदाम, पालक. खाली बाकावर रक्त कमी म्हणून आलेल्या बाया. आणि आतून तोच ठरलेला सल्ला, "मावशी, फळं खात जा, वडापाव बंद करा."

अहो, तिला काय हौस आहे? चार घरची धुणीभांडी उरकताना दुपारी वीस रुपयांत पोट भरेल असं दुसरं काय मिळतं, तेवढं सांगा की! रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य, बहुतेक गहू-तांदूळच. त्याच्या जोडीची डाळ, तेल, भाजी कुठून आणायची, ते तक्त्यात नाही.

राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं सरकारचीच २०१९-२१ची पाहणी सांगते. सगळ्यांची आवड एकदमच बिघडली का?

बरं, पोरांना शाळेत आठवड्याला एक अंडं मिळायचं, तर जानेवारी २०२५मध्ये सरकारने त्याचेही पैसे बंद केले. लोकसहभागातून द्या म्हणे! आणि वर आम्हालाच चांगल्या सवयी शिकवणार. (शिकवणाऱ्यांच्या मीटिंगला समोसेच असतात, हे आपलं जाता जाता.)