कापराची पुरचुंडी आणि बंद खिडक्यांची बस

साथीची बातमी आली की २०२१ च्या दुसऱ्या लाटेतला एक संदेश कोल्हापुरात पुन्हा फिरू लागतो. प्रवासात कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरी तेलाची पुरचुंडी हुंगत राहिल्यास रक्तातील ऑक्सिजन वाढतो, गरम पाणी प्यायल्यास विषाणू पोटात जाऊन मरतो, आणि बसमध्ये चढताना ताप तपासलेला असल्याने मास्क लागत नाही, असे त्यात म्हटलेले असते.

कापराच्या वासाने नाकातील थंडाव्याची जाणीव देणारे मज्जातंतू चेतवले जातात, त्यामुळे श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, आणि या वाटण्यालाच ऑक्सिजन वाढला असे समजले जाते. वास्तविक निरोगी माणसाच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी मुळातच ९५ ते १०० टक्के असते. कोविडमध्ये ती घटते ती फुप्फुसांतील वायुकोशांना सूज आल्याने, आणि त्या सुजेवर वासाचा काहीही परिणाम होत नाही. शिवाय हुंगण्यासाठी मास्क खाली ओढावा लागतो, आणि आपल्याकडे अशी पुरचुंडी एकट्याची राहत नाही, शेजारच्या आसनापर्यंत जाते. लहान मुलांच्या हाती तर ती देऊच नये, कारण कापूर गिळल्यास त्यांना झटके येऊ शकतात.

गरम पाण्याने घसा शेकतो, एवढेच. विषाणू श्वसनमार्गातील पेशींत शिरतो आणि पाणी अन्ननलिकेतून जाते.

ताप तपासण्यावरचा भरवसा अधिक धोक्याचा आहे, कारण कोविडचा बाधित लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवू शकतो, आणि पॅरासिटामॉल घेऊन चढलेल्याचा ताप यंत्रावर दिसत नाही. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतात एका धार्मिक कार्यक्रमाला दोन बस गेल्या. एका बसमधील ६८ जणांत एक बाधित होता. जाण्यायेण्याचा प्रवास मिळून सुमारे १०० मिनिटांचा आणि वातानुकूलन आतलीच हवा फिरवणारे. त्याच्याबरोबरच्या २३ जणांना लागण झाली. दुसऱ्या बसमधील ६० जणांपैकी एकालाही नाही. पुण्याच्या वातानुकूलित गाडीत आपण त्या १०० मिनिटांच्या दुपटीहून अधिक वेळ बसतो.

म्हणून साथीच्या काळात मध्यवर्ती बसस्थानकावरून साधी लालपरी मिळत असेल तर खिडकी उघडी ठेवून तिनेच जावे. वातानुकूलित गाडीच घ्यावी लागली तर नाकालगत घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. वाटेतल्या थांब्यावर सारी गाडी एकदम मास्क काढून एकाच बंद खोलीत जेवायला बसते, तेव्हा आपला डबा बाहेर मोकळ्यावर उघडावा.