धूर आहे, अग्नी नाही

तर्कशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सुरुवातीलाच एक डोंगर येतो. त्या डोंगरावर धूर दिसतो, आणि ज्या अर्थी धूर दिसतो त्या अर्थी तिथे अग्नी आहे, असं सिद्ध करून नैयायिक मंडळी मोकळी होतात. त्यांच्यापैकी एकानेही कधी पाइप ओढलेला नसावा.

मला पाइप धरून आठ महिने झाले. धरून हा शब्द मुद्दाम वापरलाय, कारण त्यातला बराचसा काळ मी तो नुसताच धरून बसलेला आहे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणूस कसल्यातरी गहन विचारात बुडालाय. विचार एवढाच चाललेला असतो की हा पेटलाय की विझलाय.

पाइप भरण्याचा एक जुना मंत्र आहे. तळाचा थर लहान मुलाच्या हाताने दाबावा, मधला बाईच्या आणि वरचा पुरुषाच्या. मी तिन्ही थर एकाच घाबरलेल्या माणसाच्या हाताने दाबतो. मग पहिली काडी. ही काडी खरी नसतेच. तिने तंबाखू फक्त फुगून वर येते. ती दट्ट्याने खाली बसवायची आणि दुसरी काडी ओढायची, ती खरी. म्हणजे असं जाणकार म्हणतात. माझी खरी काडी साधारण नववी असते. पाइप ओढणाऱ्यांच्या स्पर्धांत प्रत्येकाला 3 ग्रॅम तंबाखू आणि फक्त 2 काड्या देतात, आणि ज्याचा पाइप सगळ्यात जास्त वेळ तगेल तो जिंकतो. तिथे तासतासभर टिकणारे महात्मे असतात. माझ्या 2 काड्या खुर्चीत नीट टेकायच्या आतच संपतील.

सुरुवात मी सगळ्यांसारखीच गोड तंबाखूने केली. व्हॅनिलाचा वास, चेरीचा वास. घरात एकदम सौख्य पसरलं. बायको म्हणाली, "अहो, काय छान वास येतोय! रोज ओढा की." शेजारचे काका जाता जाता थांबून नाकपुड्या फुलवायचे. दिलखुश नव्हतो तो एकटा मीच. कारण त्या वासातला एक कणसुद्धा माझ्या जिभेपर्यंत येत नव्हता. ही तंबाखू अर्कात आणि पाकात इतकी भिजवलेली असते की ती जळण्यापेक्षा शिजते जास्त. विझू नये म्हणून मी जोरात ओढायचो, आणि आत यायची ती कढत वाफ. जिभेचं टोक पोळून असं झालं की चहा पिताना आधी धीर गोळा करावा लागे. सगळ्या घराला अत्तर, आणि मला सर्दी नसताना वाफारा.

माझी ही अवस्था बघून एका जुन्या पाइपवाल्या मित्राने एक चपटा डबा हातात ठेवला. "इंग्लिश मिश्रण आहे," तो म्हणाला, आणि घाईघाईने निघून गेला. त्या घाईचा अर्थ मला नंतर कळला.

डबा उघडला आणि मी पहिलं काम केलं ते स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद असल्याची खात्री करण्याचं. मग परत येऊन डब्यात नाक घातलं. विझलेली शेकोटी, जुनं खोगीर, थोडं डांबर आणि कुठेतरी खूप मागे ऊद. ही तंबाखू एकदा आगीत सापडून वाचलेली आहे असं माझं मत झालं. नुकतेच लाक्षागृहातून बाहेर पडलेले पांडव जवळ घेतले असते तर कुंतीला असाच वास आला असता.

गंमत म्हणजे माझं मत फारसं चुकीचं नव्हतं. त्या डब्यातल्या काळ्याकुट्ट पानाचं नाव लॅटाकिया. सीरियाच्या त्याच नावाच्या बंदरावरून ते पडलं. आता हे पान सायप्रसचं म्हणून ओळखलं जातं. पानं खोलीत टांगायची आणि खाली सुगंधी लाकडांची, मस्तकी, मर्टल, पाइन असल्या झाडाझुडपांची, नुसती धुमसती आग ठेवायची. ज्वाळा नकोच, धूर हवा. असं बरेच दिवस चाललं की पान काळं पडतं आणि धूर त्याच्या हाडीमाशी खिळतो. मी हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. जे काम मला आठ महिने जमलं नव्हतं ते कोणीतरी समुद्रापलीकडे आधीच उरकून ठेवलं होतं. डबा बंद, काडी नाही, निखारा नाही, आणि धूर हजर!

मिश्रणाला इंग्लिश का म्हणतात हाही एक विनोदच आहे. त्यातलं व्हर्जिनिया पान नावानेच अमेरिकेचं, ओरिएंटल तुर्कस्तान-ग्रीसकडचं, लॅटाकिया वर सांगितलं तसं. कधी चिमूटभर पेरिक घालतात, तेही लुइझियानाचं, पिंपात दाबून आंबवलेलं. मग यात इंग्लंडचं काय? तर कायदा. तंबाखूत वास-अर्क घालायला ब्रिटनमध्ये बराच काळ कडक मज्जाव होता, त्यामुळे तिथल्या मिश्रणवाल्यांना जे काही करायचं ते निव्वळ पानांवरच करावं लागे. ओरिएंटलचा हात जरा सैल सुटला की त्याच मिश्रणाला बाल्कन म्हणतात. ही सीमारेषा नेमकी कुठे आहे यावर दोन पाइपवाले रात्रभर भांडू शकतात. पाइप तेवढ्यात विझतातच, त्यामुळे वेळही असतो.

असो. तर मी तो पाइप भरला. पहिला झुरका घेतला आणि ओल्या लाकडांच्या चुलीत तोंड घातल्यासारखं झालं. दुसराही तसाच. तिसरा घेतला तो निव्वळ मित्राला शिव्या देताना तपशील हाताशी असावा म्हणून. चौथ्याला लक्षात आलं की जीभ पोळत नाहीये. ही तंबाखू कोरडी, पाकबिक काही नाही. हळूहळू, आपल्या तंद्रीत जळते. गरम चहा बशीतून घोट घोट घ्यावा तसा तिचा धूर घ्यायचा. मीही नकळत हळू झालो. आणि अर्धा पाइप झाला असेल नसेल, तो शेकोटीचा धूर जरा बाजूला सरला. मागून वाळल्या गवतासारखा व्हर्जिनियाचा गोडवा आला, त्याच्या पाठोपाठ ओरिएंटलचा किंचित आंबुस, मसाल्याच्या डब्यासारखा झोत. पुन्हा धूर. पुन्हा गोडवा. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तंबाखूला तंबाखूची चव लागली होती. मी डोळे मिटले.

"अहो! वायर जळतेय कुठेतरी!"

बायकोने मेन स्विच बंद केला. मी अंधारात पाइप पाठीमागे लपवला. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला, त्याने एकूण एक बोर्ड उघडून बघितला, आणि मी शेजारी उभा राहून त्याला बॅटरी दाखवत होतो. खरं सांगायची हिंमत मला तिसऱ्या बोर्डापाशी झाली होती, पण तोवर तो म्हणाला, "साहेब, वास तर मलाही येतोय."

सत्य अर्थातच बाहेर आलं. तडजोड म्हणून एका संध्याकाळी मी त्याच पाइपात पुन्हा व्हॅनिला भरलं. पाइप ब्रायरचा, म्हणजे एका झुडपाच्या बुंध्यामुळातल्या गाठीचा. ते लाकूड मेलं असलं तरी त्याची स्मरणशक्ती शाबूत असते. व्हॅनिलाच्या वासात लॅटाकियाचं भूत असं काही मिसळलं की बेकरीला आग लागून केक तेवढे वाचल्यासारखं वाटलं. तेव्हापासून माझ्याकडे दोन पाइप आहेत. एक घरातला, एक वनवासातला. वनवास गॅलरीत भोगायचा असतो.

एकदा शहाणपणा करून एक दणकट मिश्रण उपाशीपोटी ओढलं. धूर छातीत घेत नसलो तरी निकोटिन तोंडातूनच रक्तात शिरतं, हे मला आधी उचकीने आणि मग फिरणाऱ्या छताने समजावलं. साखर खाऊन आडवा पडलो. ही सवय तब्येतीला चांगली नाही हे डॉक्टर सांगतातच. त्या दिवशी छतही सांगत होतं.

काल संध्याकाळी मात्र सगळं जमून आलं होतं. गॅलरी, वारा पडलेला, वनवासातला पाइप, नवा डबा. आठवी काडी लागू पडली. पाच मिनिटं मजेत गेली आणि तेवढ्यात दारावर धडाधड थापा. शेजारचे काका पाण्याची बादली घेऊन उभे.

"अहो, तुमच्याकडे काहीतरी जळतंय!"

मी पाइपच्या तोंडावर बोट ठेवून बघितलं. गार.

"नाही हो काका," मी म्हणालो, "जळत असतं तर आणखी काय हवं होतं!"