शाल, श्रीफळ आणि एपिडाइक्टिक

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीची सर्वसाधारण सभा घ्या. लिफ्ट बदलायची का, यावर पाऊण तास. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पहिल्याच पावसात का गळलं, यावर दीड तास, चढ्या आवाजात. मग मावळत्या सचिवांचा सत्कार. शाल येते, नारळ येतो, माइक येतो आणि मी खुर्चीत खाली सरकतो.

या शेवटच्या छळाला, म्हणजे सत्काराच्या भाषणाला, इंग्रजीत विशेषण आहे: एपिडाइक्टिक. मूळ ग्रीक, 'दाखवणे' या अर्थाच्या 'डेइक्' धातूचं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत 'दिश्'शी लावतात. म्हणजे दिशा, आदेश, उपदेश ही सगळी चुलत भावंडं. उपदेश नात्यातला निघाला, यात मला तरी नवल वाटलं नाही.

नुसत्या भपक्याला हा शब्द लावू नये. दहा तोळ्यांचा गोफ शर्टाबाहेर काढला की तो ऑस्टेंटेशस. एपिडाइक्टिक मुख्यतः भाषण असतं. अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात वक्तृत्वाचे तीन प्रकार पाडले. लिफ्टवरचं भाषण भविष्याचं; ऐकणारा मत देतो. गळतीवरचं भूतकाळाचं, ऐकणारा निवाडा करतो. सत्काराचं मुख्यतः वर्तमानाचं, स्तुतीचं (किंवा निंदेचं, पण ती जिन्यात होते). इथे ऐकणारा निव्वळ प्रेक्षक. ठरवायचं काहीच नसतं, म्हणून थांबायलाही कारण नसतं. दुखणं नेमकं हे आहे.

अशा स्तुतीची कृतीही अ‍ॅरिस्टॉटलनेच लिहून ठेवलीय. दोषाला शेजारच्या गुणाचं नाव द्यायचं: उतावळा तो शूर, उधळ्या तो दिलदार. या हिशेबाने सहा महिने चेकवर सही न करणारा सचिव 'प्रत्येक कागद बारकाईने वाचणारा' ठरतो. मग फुगवायचं: हे यांनीच केलं, सगळ्यांत आधी केलं, एकट्याने केलं. एवढ्याने भागलं नाही तर थोरामोठ्यांशी तुलना. आपल्याकडे ही पायरी पहिल्याच वाक्यात येते. अथेन्सकरांसमोर अथेन्सकरांची स्तुती करायला काही कठीण नाही, हा सॉक्रेटिसचा टोमणाही तो नोंदवतो. ठाण्यात 'तलावांचं शहर' म्हणा, टाळी ठरलेली.

शेवटी आभारप्रदर्शन. मराठीने नावातच कबुली देऊन टाकलीय. ते निदान सतरा नावं घेतल्याशिवाय संपत नाही, आणि त्यात मंडपवाला राहून गेला, तर माइक पुन्हा पहिल्या वक्त्याच्या हातात जातो.